बारा सेकंदांचा गाडा

लग्नाचं शूटिंग परवडलं राव, पण बैलगाडा शर्यतीचं नको.

आणे गावच्या बबनआण्णांचा गाडा परवा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारा सेकंदांत गेला. मी नव्या कॅमेऱ्यावर सेकंदाला शंभर फ्रेमनं धरला, एडिटिंगला टाकला आणि न बघताच त्यांना पाठवला. तासाभरात आण्णा आळेफाट्याला माझ्या स्टुडिओत हजर. एका मोबाईलवर व्हिडिओ, दुसऱ्यावर स्टॉपवॉच.

"बघ, अठ्ठेचाळीस सेकंद! उद्या बैलं इकत घ्यायला पावणं येणारेत, माझा आन् त्या येडगावकर गाडेवाल्याचा, दोन्ही व्हिडिओ बघून जोडी ठरवणारेत. आन् माझी बैलं चिखलातनं चालल्यागत?"

"आण्णा, सॉफ्टवेअरनं सेकंदाला पंचवीसच फ्रेम धरल्या, म्हणून चौपट लांबलं."

"आसंल. तुझी सासुरवाडी येडगावचीच ना?"

"हो, पण त्याचा काय संबंध?"

"मी कुठं काय म्हणलं?"

मी क्लिपची सेटिंग बदलली. आण्णांनी तीनदा स्टॉपवॉच लावलं. तिन्ही वेळा बारा. तरी नजर माझ्यावरच.

"आता येडगावकराचा लाव."

लावला. त्याचे घाटातले तेरा सेकंद, तेही बावन्न झालेले. मला हायसं वाटलं.

"बघा आण्णा, सासुरवाडीलाबी सोडलं नाय. आता हाबी नीट करतो," म्हणत मी माऊसला हात घातला.

आण्णांनी माझं मनगटच धरलं.

"सासुरवाडीचं काम हाय, घाई करू नको. उद्या पावणं येऊन जाऊ देत."