गोदूची पट्टी

आजच्या सभेचे माननीय अध्यक्ष दीनानाथ मास्तर, व्यासपीठावर बसलेल्या आमच्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख चंद्रावतीबाई वकील, जिच्यासाठी हा हार आणून ठेवलाय ती सत्कारमूर्ती गोदूबाई, तिचे यजमान काशीराम मुकादम, पयल्या रांगेत लोडाला टेकून बसलेल्या तिच्या सासूबाई ठमाकाकी, समोर जमलेल्या माझ्या बायांनो, आणि दारात उभं राहून 'आमी काय ऐकत नाय' असं दाखवणाऱ्या बाप्यांनो, सगळ्यांना सोनाबाईचा नमस्कार.

चंद्रावतीबाईंनी मला बजावलंय की सोनाबाई, चार शब्द बोला आणि शुद्ध बोला. तर शुद्ध बोलून झालं. आता चार शब्द बोलते.

मी शिकले तिसरीपर्यंत, ती पण गावच्या देवळाच्या ओसरीवर. तिसरीतसुद्धा मास्तर मला वर्गाभायेर बसवायचे, बोलते फार मनून. माझे मालक भगवान देवाघरी गेले तवा आळीत एक बाई बोलली होती, बिचाऱ्याला शांतता मिळाली एकदाची. ती बाई इथंच बसलीय. मी तिचं नाव घेणार नाय, तिनं फक्त डोक्यावरचा पदर सारखा करणं थांबवावं.

असो. काशीरामभाऊंना उरणच्या बाजूला मिठागरावर मुकादमी मिळाली. सोमवारी धक्क्यावर मचव्यात सामान चढणार आणि गोदू जाणार. सगळे बोलतात, मंडळाचा आवाज चालला. पण मला सांगा, हा आवाज आला कुठून, ते तुमच्यातल्या किती जणींना ठाऊक हाय? मागच्या दोन वर्षांत मंडळात आलेल्या पोरींना वाटतं गोदूबाई जन्मली तीच अशी गात. अगं, ही बाई आमच्यात वर्षानुवर्षं बसली आणि आमी तिचा सूरच ऐकला नव्हता.

पयल्यापासून सांगते. देव आवाज वाटत होता तवा गोदू चुकून बाप्यांच्या रांगेत उभी रायली. रांजणात तोंड घालून बोलावं तसा तिचा आवाज. लग्न होऊन आली, मांडवात बाया बोलल्या, नवरी, नाव घे. गोदूनं मान खाली घालून उखाणा घेतला. तर कोपऱ्यात डुलक्या काढत बसलेले तिचे आजेसासरे धडपडत उठले आणि "आलो, आलो" करत भायेर निघाले. त्यांना वाटलं कोणी गडी बोलवायला आलाय. मांडव हसून आडवा झाला. काशीरामभाऊ पण हसले. हो, हसलात, मी समोरच होते.

त्या दिवशी ठमाकाकींनी सुनेला हुकूम दिला, चार लोकांत तोंड उघडायचं नाय. काकी, रागावू नका, आज तुमच्या सुनेचा सत्कार हाय, आणि तुमच्याशिवाय त्यात गंमत नाय.

पुढं चंद्रावतीबाईंनी मंडळ काढलं. त्यांची बाजाची पेटी, त्यांचं घर, त्यांचाच चहा. उपकार हायत, ते मी नाकारत नाय. पण बाईंची पट्टी! गाण्याचा सूर जिथून सुरू करायचा ती पट्टी, तर बाईंची मंजे नारळाच्या झाडाचा शेंडा. बाई सरसर चढायच्या आणि आमी अर्ध्यावर खोडाला मिठी मारून बसायचो. पण बोलणार कोण? पेटी त्यांची.

ठमाकाकींनी सुनेला पण मंडळात आणली, टाळ वाजवायला. आणि सांगून ठेवलं, गाणं चाललं की नुसते ओठ हलव. मी गोदूच्या बाजूला बसायची. एकदा मुद्दाम कान लावला. टाळ ठणठणीत, ओठ बरोबर अभंगावर, पण आवाज काय नाय. मासळी पाण्याभायेर काढली की कशी तोंड करते, तसं.

आणि हीच बाई मिठागरात! एकटी असली की फळीनं मीठ ओढताना अशी गायची की बांधावरून जाणारा माणूस पाय न आपटता उभा रायचा. मी रायलेय. मी विचारलं, अगं, मंडळात का नाय गात? ती बोलली, "सोनाबाय, मी आवाज काढला की लोक आधी वळून बघतात, मंग हसतात. हसल्याचं काय नाय गं. वळून बघतात ना, ते लागतं."

मंग मी थट्टा सोडून तिची फळी घेतली आणि तिच्याबरोबर मीठ ओढलं. बघा मंजे.

मंग सात वर्षांपूर्वी आपल्या मारुतीच्या देवळातला सप्ताह आला. नव्या पोरींसाठी सांगते, सप्ताहात सात दिवस भजनात खंड पडता कामा नये. एका मंडळीचा पहारा संपला की दुसरी येऊन उभी रायली पायजे, आणि वीणा जिच्या हातात हाय तिनं ती खाली ठेवायची नाय, जागा सोडायची नाय. बायांना तोवर पहारा देतच नव्हते. चंद्रावतीबाई पंचांच्या मागंच लागल्या. शेवटी देवळाचे पंच दादूशेट बोलले, घ्या, भर दुपारचा घ्या. मंजे जवा सगळे बाप्ये जेवून देवळात घोरत असतात तवाचा. वर अट घातली, एकदा खंड पडला तर पुन्हा मागायचं नाय. दादूशेट, दारामागं सरकू नका, मला दिसता तुमी.

आमी बसलो. वीणा ठमाकाकींच्या हातात. चंद्रावतीबाईंनी पट्टी धरली, शेंड्यावरची. पहारा कसाबसा निभावला. आता आमच्यामागं गव्हाणची मंडळी येणार होती, होडीनं. आणि गव्हाणच्या त्या शहाण्यांनी काय केलं? निघताना एक अभंग, बसताना एक अभंग, या नादात ओहोटी लागली आणि होडी खाडीच्या चिखलात बसली. देवाच्या कामाला निघालेली माणसं, समुद्र त्यांच्यासाठी थांबेल असं वाटलं असंल.

इकडं आमचे घसे! हौसाचा बसला, भामाचा फाटला. चंद्रावतीबाई वरच्या सुराला गेल्या आणि आवाजच आला नाय, नुसती हवा. खांबाला टेकलेले दादूशेट गालात हसत घोरणाऱ्यांना पायानं हलवायला लागले, उठा रे, बायकांचं आटपलं.

आणि माझ्या बाजूला गोदू. ताजीतवानी. घसा कोरा करकरीत, कारण इतका वेळ तिनं वापरला होता कुठं?

मी तिला कोपर मारलं. बोलले, "गोदू, खंड पडंल." ती बोलली, "लोक वळून बघतील." मी बोलले, "बघणारे झोपलेत. आणि तुझ्या सासूच्या हातात वीणा हाय, तिला चिमटा पण काढता यायचा नाय."

तरी ती मान हलवतच रायली. मंग मी माझं केलं. धरलेला अभंग मोडायचा नाय, ही भजनाची रीत. ज्यानं पयली ओळ धरली त्याच्या पट्टीत सगळ्यांनी यायचं. तर मी पुढचा अभंग धरला तो थेट विहिरीच्या तळाला. माझा आवाज तिथं कुठला पोचतोय? बेडूक ओरडावा तशी एक ओळ मी काढली आणि संपले. चंद्रावतीबाई माझ्याकडं अशा बघत होत्या की त्यांनी मला पेटी फेकून का मारली नाय याचं मला आजपण नवल वाटतं. बाकीच्या बायांना तर त्या सुराचा पत्ताच लागेना. टाळ वाजतायत आणि गाणारं कोणी नाय. दादूशेटनी खांब सोडला.

आणि गोदूनं दुसरी ओळ उचलली.

बायांनो, मी काय सांगू. भरतीचं पाणी मिठागराच्या पाटात शिरतं ना, गाजावाजा नाय, पण बघता बघता सगळं भरून जातं, तसा तो आवाज देवळात भरला. घोरणारे उठून बसले. सगळे वळून बघायला लागले, गोदू बोलली होती अगदी तसेच. मी तिच्याकडं बघितलं, आता गप होते की काय. तर तिनं डोळे मिटून घेतले आणि गात रायली. चंद्रावतीबाईंची बोटं पेटीवर तिचा सूर शोधत खाली, आणखी खाली आली. तिथल्या पट्ट्या नव्या कोऱ्या होत्या, कवा कोणाचा हातच लागला नव्हता. सूर सापडला तशी बाईंनी भाता असा ओढला, की त्यांचा राग कुठं गेला ते त्यांनाच ठाऊक. मंग आमी पण आलो, हौसा, भामा, मी. पयल्यांदा झाड चढावं लागलं नाय.

ठमाकाकी वीणा घेऊन जागच्या जागी उभ्या. दादूशेट त्यांच्याजवळ गेले आणि बोलले, "ठमाकाकी, बायकांच्या पहाऱ्यात हा असा बाप्याचा आवाज चालंल का?"

आता बघा हं. या बाईनं सुनेचं तोंड बंद केलेलं. तिनं नुसतं 'नाय' बोलायचं होतं.

काकी बोलल्या, "वीणा माझ्या हातात हाय, दादू. चालंल की नाय ते मी सांगणार. चालंल."

एवढ्यात गव्हाणची मंडळी आली, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी वाटेतच आवाज ऐकला होता आणि भांडायच्या तयारीनं आली होती, आमचा पहारा दुसऱ्या कुठल्या मंडळींना दिलात? त्यांचे विठूबुवा दारातूनच, "कोण गातोय तो," करत आत शिरले, आणि गोदूला बघून तिथंच थांबले. रीत अशी, की नव्या मंडळींनी आपली पट्टी धरायची. गोदूनं डोळे उघडले, त्यांना बघून सूर सोडायला लागली. विठूबुवांनी हात वर केला आणि बोलले, "बाई, पट्टी सोडू नका. आमी येतो तुमच्या पट्टीत."

आणि आले. चिखलाच्या पायांनी येऊन बसले. खंड पडला नाय.

भायेर आल्यावर ठमाकाकी सुनेला काय बोलल्या सांगू? "एवढी वर्षं तोंडात मूग भरले होतेस काय गं?" आणि गोदू, जी सासूसमोर हुं पण करत नव्हती, ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली, "तुमीच दिले होते ते मूग, आत्या." काकी अशा हसल्या की मला त्यांना धरायला लागलं.

त्यानंतरचं तुमी बघितलंयच. दरवर्षी पहारा आपल्याला, आता तर दादूशेटच आमंत्रणाला येतात. पेटी अजून चंद्रावतीबाईंचीच, पण त्या आधी गोदूला विचारतात आणि मंग बोट ठेवतात. चंद्रावतीबाई, यासाठी मी तुमाला मनापासून मानते. दुसऱ्या कोणी पेटी बंद करून घर गाठलं असतं.

सोमवारच्या जाण्याची मला काळजी होती. नवा गाव, नवी माणसं, पुन्हा कोणी वळून बघितलं तर? तर परवा मी गोदूकडं बसले होते, तेवढ्यात उरणच्या भजनी मंडळाची बाई आली. ओटीवर काशीरामभाऊंना विचारते, तुमच्या घरच्या बाई येतायत ऐकलं, टाळ वाजवतात का? आमाला टाळवाली पायजे. भाऊ तोंड उघडणार, तोवर गोदू आतून बोलली, "टाळ कोणी पण वाजवा. मी गाणार. पेटीवाल्या बाईंना सांगा, जरा खाली यावं लागंल." ती बाई दचकून काशीरामभाऊंकडं बघायला लागली, यांचा आवाज आतून कसा आला मनून. गोदू चहाचा कप घेऊन भायेर आली आणि बोलली, "बघा निवांत, ताई. मीच ती."

माझी काळजी तिथंच संपली. आता काळजी उरणच्या लोकांनी करावी.

अध्यक्ष महाराजांनी आणि तुमी सगळ्यांनी शांत बसून ऐकलंत, तुमचे उपकार. या वर्गाच्या किल्ल्या देणाऱ्या शाळेचे आणि चहा ठेवलेल्या वेणूचे पण. कोणाला माझं बोलणं टोचलं असंल तर त्यांनी मोठ्या मनानं सोडून द्यावं. आणि ज्यांची थट्टा करायची रायली, त्यांनी पण माफ करावं, वेळ कमी पडला. गोदू, ऊठ, हार घे. आणि मंग, काकी, तुमच्या हातानं तिला भजनाला पुढं बसवा. आज पट्टी ती सांगंल.