तळ्याकाठचा मूस

आमच्या पल्लवीचं तुम्हाला माहीतच आहे राव, लग्न होऊन ती कॅनडात पार उत्तरेला गेली, ती अजून आलेली नाही. तिकडं पानगळ लागली की सुट्टीच्या दिवशी सकाळीच गाडी काढते आणि जंगलातल्या रस्त्यांनी प्राणी बघत फिरते. तिची सकाळ म्हणजे आपल्या आकुर्डीत संध्याकाळ.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, बोलू नका. तळ्यावर मूस आलाय.”

फोनवर पिवळीधमक झाडं दिसली, आणि पाण्यात तो मूस, म्हणजे तिकडचं हरणाच्या जातीचं, म्हशीहून उंच जनावर, फावड्यासारखी रुंद शिंगं असलेलं. माझ्या बायकोनं, शोभानं, उठून टीव्ही बंद केला, कुकरखालचा गॅसही बंद केला. शिट्टी ऐकून ते पळालं, तर पोरीचा हिरमोड व्हायचा.

आम्ही दोघं गप्प बघत बसलो. बऱ्याच वेळानं ते जनावर झाडीत गेलं.

“आई, नीट दिसला ना?”

“दिसला गं. देखणा आहे.” मग शोभा म्हणाली, “आता फोन तुझ्याकडं फिरव. मघापासून तू दिसलीच नाहीस.”

पल्लवीनं फोन फिरवला. थंडीनं नाक लाल झालेलं, गाल बसलेले. शोभा फोन अगदी डोळ्यांजवळ धरून बघत राहिली.

“आई, थांब, पलीकडं अजून एक आलाय वाटतं. दाखवते.”

“येऊ दे,” शोभा म्हणाली. “तू हलू नकोस.”