भूकंपाच्या पिशवीतली बॅटरी

...हसा, हसा, खुशाल हसा! आमच्या घरात रोजच हसतेत, तुम्ही तर पाहुणे! पण तुम्हाला सांगतो, वस्तू सांभाळावी तर ह्या वसंतरावानं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, पहिल्या दिवशी दिलेला स्टेपलर रिटायर होताना जसाच्या तसा परत केला. साहेब बघतच राहिले! असा माणूस मी, अन् घरात काय नाव पडलं माझं? 'बॅटरीवाले बाबा'!

काय चुकलं माझं? श्रद्धाला, म्हणजे आमच्या पोरीला, एम.एस्सी. झाली म्हणून नवा लॅपटॉप घेतला. पुतण्या राघवेंद्र नांदेडला कॉम्प्युटरच्या दुकानात असतो, त्यानं फोनवर सांगितलं, "काका, बॅटरी पार शून्यावर नेऊ नका, कायम शंभरावर ठेवू नका, तापू तर अजिबात देऊ नका. अन् लई दिवस लाईटवरच चालवणार असाल तर काढून ठेवली तरी चालते. अर्धी भरून, थंड जागी." बास! काढून ठेवली तरी चालते! राघवेंद्र पुढंही काहीतरी बोलत होता, पण मी तोवर फोन ठेवला अन् बॅटरी काढली. बॅटरीचं आयुष्य वाढलं पाहिजे की न्हाई?

आता मे महिन्यात लातुरात थंड जागा सांगा बरं कुठं असते? माठाच्या मागं! आमचा माठ दाराजवळ, अन् माठाच्या मागं खुंटीला आमची भूकंपाची पिशवी. तुमच्याकडं न्हाई? कमाल हाय! त्र्याण्णव साली पहाटे जमीन हलली तेव्हा मी घराबाहेर पळालो, एका कडेवर पाच वर्षांची श्रद्धा अन् दुसऱ्या हातात काय? भिंतीवरचं कॅलेंडर! कागद न्हाईत, टॉर्च न्हाई, काही न्हाई... रस्त्यावर उभा राहून पोरीला छातीशी धरलं अन् तारखा बघत बसलो. लई घाबरलो होतो हो. तेव्हापासून जे मोलाचं ते दाराजवळच्या पिशवीत. घराचे कागद, पोरीची सर्टिफिकेटं, टॉर्च, चिवडा. त्यात बॅटरी ठेवली. प्लॅस्टिकमध्ये, त्यावर मलमलचं फडकं, त्यावर परत प्लॅस्टिक, वरून सुतळी.

आमच्या सौदामिनीबाई म्हणल्या, "अहो, मला बाळंतपणात एवढं गुंडाळलं नव्हतं कुणी!" बोला! हिला कोण सांगणार, बॅटरीचं आयुष्य वाढलं पाहिजे की न्हाई?

आता ऐका. आपल्या लातुरात गल्ली तिथं क्लास. चाकूरचं पोरगं हितं, भोकरचं हितं, पार हिमायतनगरचं पोरगं पेटी घेऊन हितं, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय! पण शिकवणाऱ्याला घेतेत का लवकर? श्रद्धाला दोन क्लासनी न्हाई म्हणलं. तिसऱ्या क्लासचे नरसिंग सर म्हणले, पोरांसमोर एक तास घेऊन दाखवा. हे बी हुकलं तर पोरगी पुण्याला जाणार होती, कंपनीत. तोंडावर मी म्हणलं, जा बाई, तुझं भलं होईल. पण खरं सांगू? पोरगीच गेली तर ह्या घरात मी सांभाळू काय? माठ?

तिनं पंधरा दिवस खपून हृदयाची चित्रं लॅपटॉपवर केली. मी वायर धरून सोबत गेलो, मागच्या बाकावर बसलो. हॉल असा की खिडकी औषधाला न्हाई. भिंतीवर प्रोजेक्टरनं हे एवढं लालभडक हृदय! श्रद्धा म्हणली, "हा उजवा कप्पा..." अन् गेली लाईट! लोडशेडिंगच्या वेळापत्रकात बाराची होती हो, अकरालाच गेली! दीडशे पोरं एका सुरात "ओऽऽऽ!" जनरेटर? त्याचं डिझेल आणायला माणूस गेला तो गेलाच. नरसिंग सर अंधारातून म्हणले, "मॅडम, लॅपटॉपला बॅटरी असंल की!"

मी ताडकन उठलो. "हाय ना! एकदम नवी हाय! घरी हाय!"

श्रद्धा "बाबा, ऐका तरी" म्हणायली, पण मी ऐकतो होय? स्कूटर काढली, घरी गेलो, म्हणलं सुतळी सोडायला वेळ कुठाय, पिशवीच उचलली! वीस मिनिटांत परत! दारातून येणाऱ्या जराशा उजेडात टेबलावर सुतळी सोडली, प्लॅस्टिक, फडकं, प्लॅस्टिक, पोरं मोजायलीत, "एक... दोन... तीन..." बॅटरी बसवली, बटण दाबलं... चालू! अर्धी भरलेली! मी छाती फुगवून भिंतीकडं बघितलं. भिंत काळीकुट्ट.

श्रद्धा कानात म्हणली, "बाबा, प्रोजेक्टरला बॅटरी नसते."

तुम्हाला सांगतो, भूकंप झाला तेव्हा पायाखालची जमीन एवढी हलली नव्हती! नरसिंग सर घड्याळात बघायलेत, मी घाम पुसायलोय... तेवढ्यात पोरीनं पिशवीत हात घातला. "बाबा, टॉर्च धरा. फळ्यावर." अन् घेतला खडू! काय हृदय काढलं हो फळ्यावर! मी टॉर्च धरून उभा, ती म्हणली उजवा कप्पा की मी उजवीकडं, डावा म्हणली की डावीकडं. पोरं म्हणायलीत, "टॉर्चवाले काका, जरा खाली घ्या, झडप दिसंना!" चाळीस मिनिटं हात खाली घेतला न्हाई. अन् दीडशे पोरांतलं एक बी जांभई देईना!

नरसिंग सर शेवटी म्हणले, "मॅडम, अंधारात जिनं पोरं जागी ठेवली ती उजेडात काय करंल! सोमवारी या."

घरी आल्यावर मायलेकी मलाच हसायल्या. अरे, पण विचार करा ना! बॅटरी लॅपटॉपमध्ये असती तर मी घरी गेलो असतो का? घरी गेलो नसतो तर पिशवी आली असती का? पिशवी न्हाई तर टॉर्च न्हाई, टॉर्च न्हाई तर पोरगी पुण्याला! मग नोकरी कुणामुळं लागली? बॅटरीचं आयुष्य वाढलं पाहिजे की न्हाई?

आता पोरगी कमावती झाली, वर्षाच्या आत स्वतःच्या पगारातून दुसरा लॅपटॉप घेऊन आली. पातळ, चकचकीत. मी लगेच उलटा केला, खालून बघितला, वरून बघितला, राघवेंद्रला फोन लावला. "काका, ह्याची बॅटरी आतच बसवलेली असते. काढता येत न्हाई. हात लावू नका!" काढता येत न्हाई म्हणजे? सांभाळायची कशी? मायलेकी दारात उभ्या राहून माझं तोंड बघायल्या.

मग काय करता? गेलो शिंप्याकडं... अन् पिशवी मोठी शिवून आणली.