पंचफुलामावशीच्या दारावरची लाल खूण

जयभीम सगळ्यायले.

माह्या डोळ्याकडं पाहू नका, काल मी झोपली नाही. रडून नाही झाले ते असे. काल पाऊस आला, नालीचं पाणी उंबरा ओलांडून घरात आलं, आणि माह्या आरूच्या तळपायाले काच लागलेली आहे. तीन वर्षाची पोरगी. तिच्या पायाले प्लास्टिकची पन्नी बांधली आणि तिले मांडीवर घेऊन खाटेवर बसून राहिली. झोपेत तिचा पाय खाली लोंबला तर पाण्यात जाईन, त्याच्यानं जागी होती.

मावशीच्या अंगात बी ते घाण पाणी पायातूनच गेलं होतं ना. टाचेच्या भेगेतून.

मी रोशनी. पंचफुलामावशीच्या भिंतीले लागून घर आहे ते माहं. मले बोलता येत नाही. सातवीपर्यंत शिकली मी. पण आपल्या बचत गटाची सविताताई म्हणे, शेजारीण आहेस, मावशीच्या शोकसभेत तूच बोल. म्हणून उभी राहिली.

मावशी शाळेसमोर टोपलं घेऊन बसे. बोरं, चिंचा, पेरू. या विहारात बसलेल्या अर्ध्या लोकायनं तिच्या हातचा तिखट-मीठ लावलेला पेरू खाल्ला आहे. पेरू द्यायच्या आधी पोट्ट्यायले विचारे, "हात धुतले का बे?" पोट्टं म्हणे, धुतले. तर म्हणे, "कोणत्या पाण्यानं?" आणि स्वतःच हसे. आता त्याचं हसू येत नाही.

आपल्या वस्तीत सरकारी माणसं आले होते ते आठवते तुम्हाले? भर पावसात छत्र्या घेऊन नालीच्या तोंडाशी उभे. दोरीले बाटल्या बांधून पाणी भरून राहिले होते. आपले माणसं म्हणे, मासोळ्या पकडून राहिले का बाप्पा. मंग त्यायच्यातली एक पोरीसारखी मॅडम इथं, याच विहारात, खाली बसून समजावून गेली. ही नाली फक्त पावसाच्या पाण्यासाठी आहे. हिच्यात घराघरातल्या संडासाचं पाणी येऊन राहिलं. पाऊस पडला की तेच वापस तुमच्या घरात येते, आणि खाली नदीत जाते. कोणाकोणाच्या घरातून येते ते आधी पाहू, मंग वेगळी लाइन टाकू.

चांगली होती ती मॅडम. खोटी नव्हती. हे मी आजही म्हणते.

तर त्यायनं संडासात हिरवा रंग टाकून पाहायचं ठरवलं. रंग नालीतून निघाला म्हणजे त्या घरचा पाइप नालीत आहे. पण दार कोण उघडते? कोणी म्हणे घरात पाहुणे आहेत, कोणी म्हणे चावी नाही. मावशी म्हणे, "या माह्या घरी. म्हातारीच्या संडासात काय सोनं ठेवलं आहे?" आणि रंग टाकताना म्हणते, "मॅडम, होळी तर झाली न वं. आता काहून?"

आपण सगळे नालीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. लेकरं काठाकाठानं पळत आले, आला आला करत. आणि हिरवंगार पाणी पडलं धडधड. मावशीनं टाळ्या वाजवल्या. "पाहा वं, माहं निघालं."

मंग तिनंच मॅडमले घरोघरी नेलं. दार वाजवून म्हणे, "उघड वं, मीच आहे, बोरं विकणारी." तिच्या भरोशावर लोकायनं दारं उघडले. आपल्या गल्लीत सगळ्यायच्याच घरचा रंग निघाला. माह्याही. मॅडमच्या माणसायनं दाराच्या बाजूले लाल रंगाची खूण केली. मॅडम म्हणे, या खुणा राहू द्या, काम करणारे दुसरे लोक येतील, ते खुणा पाहूनच लाइन टाकतील.

पुढचं तुम्हाले माहीत आहे. मले बोलायची लाज नाही, कारण सगळेच होतो. कोणीतरी सांगतलं, लाल खूण म्हणजे घर पाडणार. आपल्याजवळ जागेचे कागद नाहीत. मंग काय, ज्याच्या त्याच्या हातात घासलेटचा बोळा. आमच्या यायनं, आरूच्या बापानं बी घासली. मी लोट्यानं पाणी टाकून राहिली होती.

मावशी दारात उभी राहून पाहत होती. यायनं म्हटलं, "मावशे, तुही बी पुसून देऊ का?" ती म्हणे, "राहू दे गा. रंग तर माह्याच घरातून निघाला. सगळ्यायनं पाहिला." कोणीतरी मागून म्हटलं, सरकारची सून आहे ते. ती म्हणे, "सासरा लाइन टाकून देत असन तर सून म्हणा ना."

दुसरे लोक आले तेव्हा त्यायच्यात ती मॅडम नव्हती. तिची बदली झाली म्हणे. एक साहेब होता, हातात मोठा मोबाईल. त्यानं गल्लीत चक्कर मारली आणि मावशीच्या दाराशी उभा राहिला. मावशी त्याले म्हणे, "साहेब, गल्लीतलं एकूण एक घर आहे नालीत. विचारा त्यायले." साहेब म्हणे, "बाई, बाकीच्यायच्या दारावर खूण कुठं आहे?" मावशीनं गल्लीत पाहिलं. मी खिडकीत होती. आपण सगळे खिडकीत होतो.

कोणी बोललं का?

साहेबानं सांगतलं, एका घरासाठी लाइन नाही टाकता येत. पण एक घर नालीत आहे, तर ते बंद करावं लागन. तसा नियम आहे. आणि त्यायनं मावशीचा पाइप सिमिटानं बुजवला. पूर्ण गल्लीत एक पाइप. आपले सगळ्यायचे चालू.

मी तिले म्हटलं, मावशे, माह्या घरी ये ना, भिंतीले भिंत आहे. ती म्हणे, "तुह्या घरचं बी तठीच, नालीतच जाते वं. मी मॅडमले जबान दिली आहे, माह्या घरचं पावसाच्या पाण्यात जाणार नाही." मी म्हटलं, मॅडम कुठं पाहून राहिली? तर म्हणे, "ते नाही पाहून राहिली. मी तर पाहून राहिली ना."

म्हणून ती नाल्याच्या पलीकडं सार्वजनिक संडासात जाये. दिवसातून जितक्या खेपा लागन तितक्या. पाऊस असला की रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी, आपलंच पाणी, आणि ती लुगडं खोचून त्यातून जाये. आपण पाहिलं आहे. मी हाक मारे, मावशे, थांब ना पाणी उतरेपर्यंत. ती म्हणे, "पोट थांबते का वं?"

मंग ताप आला. पिंडऱ्या दुखे तिच्या, इतक्या की हात लावू देत नव्हती. डोळे पिवळे झाले. दवाखान्यात डॉक्टरनं पहिलं काय विचारलं माहीत आहे? आजी, तुम्ही घाण पाण्यातून चालता का? मावशी माह्याकडं पाहून हसली. तिथून ती घरी आली नाही.

मी काय सांगू तुम्हाले. लोक म्हणतात आता सगळे मिळून अर्ज करू, खुणा वापस लावू. लावा ना. कोण येणार आहे पाहाले? सविताताई ऑफिसात जाऊन आली. तिले सांगतलं, तुमच्या गल्लीचा अभ्यास झाला, नकाशात तुमची गल्ली साफ आहे. मॅडमच्या वेळी लावलेला, नालीवर काम चालू असल्याचा बोर्ड अजून उभा आहे. त्याच्यावर आपण कपडे वाळू घालतो. मले नाही वाटत काही होईन. खरं सांगते, नाही वाटत.

आणि आता माह्या पोरीच्या पायाले जखम आहे.

माहा भाऊ पारशिवनीकडं राहते. सुधाकर. उंचावर घर आहे, विहिरीचं पाणी आहे. मागच्या पावसात तो गाडी घेऊन आला होता, म्हणे, आरूले दे माह्यासोबत, पावसापुरती तरी. मी नाही दिली. मी त्याले म्हटलं, दादा, सरकारचे लोक मागं लागले आहेत, नाली साफ होऊन राहिली, हा शेवटचाच पाऊस. मावशी बी माह्या बाजूनं बोलली. तो म्हणे, "दोन पावसापासून हेच सांगून राहिली तू." मंग उठला, म्हणे, "पुढच्या वेळी पाणी आलं तर तुह्या सरकारलेच बोलाव." तेव्हापासून माहा नंबर दिसला की फोन काटते. यायचा नंबर बी काटते.

मी जाऊ शकत नाही. सासू लकव्यानं पडली आहे, तिले सोडून कुठं जाऊ? यायचं दुकान तिकडं दूर सदरमधी, रात्री येते. बाहेर आभाळ पाहिलं तुम्ही?

आता उभे राहा सगळे. मावशीसाठी थोडा वेळ गप राहू. नालीचा आवाज येईन, येऊ द्या. ती रोज ऐके.

आणि झाल्यावर एक काम करा. सविताताई हे सगळं मोबाईलवर लिहून वस्तीच्या ग्रुपवर टाकणार आहे, तर जे आले नाहीत, जे नुसतं वाचतील, त्यायले बी सांगते. माह्या दाराच्या बाजूले, जिथं लाल खूण होती आणि आम्ही घासली, तिथं मी कोळशानं सुधाकरदादाचा नंबर लिहून ठेवला आहे. पाऊस येऊन पुसला जायच्या आधी कोणीतरी आपल्या फोनवरून त्याले फोन लावा. जास्त काही बोलू नका. सांगा, रोशनीनं म्हटलं, तू बरोबर होता. गाडी घेऊन ये. पोरगी तयार आहे.