दोन हातांवर नाहीसा होणारा वाढपी

...आणि वर मलाच विचारतात हो, "पान उलटं मांडलं होतं, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" अहो, पान दिसलं असतं तर उलटं की सुलटं ते बघणार ना! अर्धा तास मी मांडी घालून बसलोय, समोर लग्नाची पंगत चाललीय, आणि मला पानच नाही. आता तुम्ही म्हणाल, सेतुमाधवा, मग मागायचं होतंस. मागायचं? पंक्तीत बसल्यावर माणसानं तोंडानं मागावं का, सांगा तुम्हीच.

थांबा, नीट सांगतो. माझी धाकटी बहीण सुप्रभा इथं तंजावुरातच इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करते. डोक्याला बांधायचा तो डबा असतो बघा, डोळ्यांपुढे पडदा, आत खोटं जग... तर त्यानं डोकं दुखतं. का दुखतं? मला हे सतरा वेळा ऐकावं लागलंय, तेव्हा तुम्हीही एकदा ऐका. आतली वस्तू जवळ आली की दोन्ही बुबुळं नाकाकडे वळतात, म्हणतात, "जवळ आहे रे." पण डब्यातल्या काचांनी पडदा लांब ढकललेला असतो, म्हणून डोळ्यातलं भिंग म्हणतं, "कुठलं जवळ? लांब आहे." भांडण त्या दोघांचं आणि दुखतं आपलं डोकं. आमच्या राजमला, म्हणजे माझ्या बायकोला, बाजारातला डबा लावून दहा मिनिटं बसवलं, तर बाई दोन दिवस भिंत धरून चालत होती.

सुप्रभानं तीन वर्षं घालवून यावर तोड काढली. उजेड म्हणे उभाही असतो आणि आडवाही. लांबच्या वस्तू उभ्या उजेडानं दाखवायच्या, जवळच्या आडव्या उजेडानं, आणि मध्ये असं भिंग बसवायचं की ते आडव्याला तेवढं वळवेल, उभ्याला सोडून देईल. म्हणजे जवळचं डोळ्याला खरंच जवळ. मी म्हटलं, "सुप्रभा, मला तर सगळा उजेड सारखाच दिसतो." तर म्हणाली, "अय्यो अण्णा, तुला कुठून कळणार? ते काचेला कळतं."

तर हे बघायला चेन्नईहून दिव्यश्री मॅडम येणार होत्या. त्यांनी मान हलवली तर काम पुढे चालणार, नाहीतर खोलीला कुलूप आणि पोरीची तीन वर्षं पाण्यात. डब्यात बसायला माणूस हवा चाळिशीच्या आतला आणि डोळ्यांनी धडधाकट. ठरलेला मुलगा आयत्या वेळी तापानं आडवा झाला आणि राहिलो मी, एकोणचाळीस पूर्ण. आणि त्याच दिवशी सकाळी आरशात बघतो तर काय, उजव्या पापणीवर रांजणवाडी! चांगली तुरीच्या दाण्याएवढी. डोळ्याला काही झालेला माणूस त्यांना चालत नाही. सांगितलं तर परीक्षा रद्द, मॅडम आल्या पावली परत. कसं सांगू? रात्ररात्र जागलेली पोर ती, माझा जीव तुटतो हो तिच्यासाठी.

मग मी काय केलं, तिरुवैयारूहून मोपेडवर येताना लावलेली कूलिंग ग्लास, म्हणजे उन्हाचा काळा चष्मा हो, काढलीच नाही. सुप्रभा मॅडमना घ्यायला खाली गेली तेवढ्यात त्या काचेवरूनच डबा चढवला आणि पट्टा आवळून शहाण्यासारखा बसून राहिलो. चष्मेवाल्यांसाठी डबा ऐसपैस केलेला, छान बसला.

आत बघतो तर लग्न. लांब मांडवात नवरानवरी, नादस्वरम् आणि तविल वाजवणारे, सगळं स्वच्छ. आणि तिकडून वाढपी निघाला की सांबाराची बादली घेऊन... येतोय, येतोय, मी सरसावून बसतो, आणि दोन हातांवर आला की नाहीसा! दुसरा निघाला भात घेऊन, तोही दोन हातांवर नाहीसा. तिसरा वडे घेऊन. वडे दिसले होते हो मला लांबून! आणि माझ्यापुढे काय? काळोख. मला वाटलं, वाढतील, मुलाकडची मंडळी आधी असतील. मग वाटलं, काही चुकलं का माझं? मग रागच आला. पण गप्प बसलो. पंक्तीत बसल्यावर माणसानं मागावं का?

बाहेरून मॅडम मधूनमधून विचारतात, "सर, डोकं दुखतंय?" मी म्हणतो, "मुळीच नाही." "काही त्रास?" "छे, उत्तम चाललंय." यजमानाला काय सांगायचं, तुमच्याकडे मला उपाशी ठेवलं?

डबा अजून डोक्यावरच, आणि मॅडमनी शेवटचं विचारलं, "जेवणात काही खटकलं?" मी म्हटलं, "काही नाही. बेत फार सुरेख." मग सुप्रभाचा आवाज, अगदी बारीक, "अण्णा, केळीच्या पानाचा शेंडा डावीकडे हवा, तो मुद्दाम उजवीकडे ठेवला होता. मंगलकार्यात उलटं पान! तुझं लक्ष आहे का बघायला. खऱ्या लग्नात तू एवढ्यावरून पंगत थांबवतोस." मग माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "बाई, कुठलं पान? मला पान मांडलंच नाही कोणी."

तिनं डबा उचलला. आत कूलिंग ग्लास, तिच्याआड रांजणवाडी, आणि तिच्याआड मी. सुप्रभानं कपाळाला हात लावला. "अण्णा, ही काच आडवा उजेड अडवते. रस्त्यावरची चकाकी मारायलाच असते ती. माझं जवळचं सगळं आडव्या उजेडावर होतं रे!" म्हणजे पान, भात, सांबार, सगळं माझ्या काचेनं खाल्लं.

मला वाटलं, बुडवली मी पोरीला. पण मॅडमनी काच स्वतःच्या डोळ्याला लावली, वरून डबा, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "शितभरसुद्धा जवळचं दिसत नाही. दोन उजेड इतके वेगळे केलेले मी अजून पाहिले नव्हते. सुप्रभा, काम पुढे चालू." सुप्रभा रडायलाच लागली. मीही थोडा रडलो, रांजणवाडी झोंबत होती ते वेगळं.

"पण," मॅडम म्हणाल्या, "डोकं दुखतं का ते राहिलंच. डोळा बरा झाला की यांनाच महिनाभर रोज बसवा. आता कंटाळा न करणारा माणूस मिळालाय."

डोळा बरा झाल्यापासून रोज कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत बसतो. सुट्टी तेवढीच, आणि ती डब्यात जाते. आता पान दिसतं, शेंडा डावीकडे, भातावरची वाफसुद्धा दिसते, आणि खरं सांगतो, डोकं तिळभर दुखत नाही. पोरीनं नाव काढलं.

संध्याकाळी पाचला घरी पोचतो, पोटात कावळे ओरडत असतात. राजम विचारते, "आज काय होतं पानावर?" आणि मी वेडा सगळं वर्णन करून सांगतो, पच्चडी, पुरणपोळी, सांबार, दोन पायसम. ती ऐकून घेते आणि म्हणते, "एवढं झालंय ना, मग आज रात्री नुसता दहीभात पुरे."