काटा स्थिर होऊ दे

...आणि वर मलाच सांगतात, "साहेब, तेवढा फोन बंद ठेवा हं स्टेजवर." कोण म्हणून काय विचारता, हे आपले आयोजक, ते बघा, दाराशी उभे आहेत घाम पुसत. आता तुम्हाला सांगतो, तुमचे सगळ्यांचे फोन बंद करायला लावले, ठीक आहे, नाट्यगृहाचा नियम आहे, पण माझा चालूच राहणार. हा काय, इथे स्टुलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी. पलीकडे माझी ताई आहे, ताईच्या शेजारी हॉस्पिटलची खाट आहे, खाटेवर माझे बाबा आहेत, आणि बाबा आता जाणार आहेत. जाणार म्हणजे... जाणारच, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. हसू नका. म्हणजे हसा, त्याच्यावरच पोट आहे माझं, पण खरं सांगतोय.

बघा, हेच. हेच माझं दुखणं आहे! बँकेतल्या कारकुनाचे वडील आजारी पडले तर लोक अरेरे म्हणतात, रजा देतात, घरी डबा पाठवतात. माझे पडले की लोक पुढच्या वाक्याची वाट बघतात. मागच्या गावच्या आयोजकांना फोन केला, म्हटलं, "अहो, वडील सीरियस आहेत." तर पलीकडून, "हा हा हा, वा, नवीन वाटतं? सुरुवातीलाच घ्या हे." अहो, घ्या काय? म्हटलं, "तसं नाही हो, खरोखर, फुफ्फुसं कामातून गेलीत." तर म्हणतात, "काय तो चेहरा न हलवता बोलायचा प्रकार तुमचा, मानलं बुवा!" फोनवर! चेहरा यांना फोनवर दिसला!

बरं, डॉक्टर तरी शहाणे असतील म्हणावं, तर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, घसा खाकरला, "हे बघा, आता औषधांच्या हातात फारसं काही राहिलेलं नाही, आपण फक्त त्यांना त्रास कमी कसा होईल ते बघायचं..." मी भिंतीला टेकलो, आणि हे त्याच सुरात, तोच हात खांद्यावर, "...आणि आमच्या मिसेसचा वाढदिवस आहे, तुमची फार फॅन आहे ती, एक छोटासा व्हिडिओ..." केला. काय करता? वॉर्डच्या दारात उभं राहून, डोळे पुसून, "वहिनी, तुमच्या नवऱ्याच्या हातात जादू आहे" असं म्हटलं. हसू नका. म्हणजे हसा, पण खरं सांगतोय.

आणि ही धावपळ! आज इथे, उद्या वॉर्डात, परवा तिसऱ्याच गावी, बॅग उघडायची नाही, मिटायची नाही, माझे मोजे बाबांच्या औषधांच्या कपाटात आणि बाबांचा वाफ घ्यायचा मास्क माझ्या स्टेजच्या कोटात. डोक्याचा नुसता गोंधळ. परवा स्टेजवर आलो, दिवे लागले, टाळ्या, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय जावं? "काही खाल्लंत का? लघवी झाली?" आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरलो आणि मोठ्यानं, "नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना?" तर मागच्या खाटेवरचे आजोबा मास्क बाजूला करून म्हणतात, "येतंय, चालू द्या."

सगळं जग हसतं हो माझ्या विनोदांना. एक माणूस हसत नाही, आणि तो या फोनवर आहे.

माझे बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. म्हणजे पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचा, पारड्याखाली कोणी मेण चिकटवलंय का बघायचं. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. माणूस घरी आला तरी बाबा त्याच्याकडे असं बघायचे, की हा बोलतो तेवढा भरतो का. मी शाळेत असताना त्यांना पहिला विनोद सांगितला. ऐकला. म्हणाले, "परत सांग." परत सांगितला. म्हणाले, "कमी आहे." म्हटलं, कुठे कमी आहे? "शेवटी. काटा स्थिर व्हायच्या आत तू पारडं उचलतोस. चोर दुकानदार असंच करतात. थांबायचं. काटा स्थिर होऊ दे." विनोद होता हत्तीचा आणि मुंगीचा! त्यात कसला काटा?

पण तुम्हाला सांगतो, पुढे लोक मला जे शाबासकी देतात ना, की काय थांबता तुम्ही, काय जागा धरता, ते सगळं त्या पितळी पेटीतलं आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग भरत का नाही?

या आजारपणात ताईनं काय केलं, माझ्या एका शोचं रेकॉर्डिंग वॉर्डात लावलं, बाबांच्या उशाशी. सगळा वॉर्ड हसतोय, शेजारच्या खाटेवरचे काका पोटाचे टाके धरून, "अहो थांबवा, फाटेल," सिस्टर धावत आली, ताईला झापलं. आणि बाबा? बाबा आढ्याकडे बघत. ताईनं विचारलं, "बाबा, कसं वाटलं?" तर म्हणतात, "पुढच्या रांगेतला एक माणूस उगाच हसतोय. त्याला फुकट पास दिला असणार." दिला होता हो! माझा मेव्हणाच होता तो, ताईचा नवरा!

आता आजचं. आज मी येणारच नव्हतो. चार रात्री झाल्या, बाबांच्या डोळ्याला डोळा नाही. इंजेक्शन देतात, गुंगी येते, दचकून उठतात, चादर ओढतात, सोडतात, परत ओढतात. सिस्टर म्हणाली, याहून जास्त डोस देता येत नाही. म्हटलं, मरू दे तो शो, मी बसतो इथे. मला भीती वाटते हो. मी बाहेर असतानाच हा माणूस जाईल, आणि मी तेव्हा कुठेतरी हत्ती-मुंगी करत असेन, याची मला फार भीती वाटते. बूट काढले, खुर्ची ओढली. तर बाबांनी डोळे उघडले. धाप लागत होती, एकेक शब्द सुटा. "तिकिटं... विकलीस ना?" म्हटलं, हो. "मग माप दे. पूर्ण." म्हटलं, बाबा, अहो पण... "फोन... चालू ठेव. मला... तपासायचंय."

निघालो. काय करता? बूट घातले आणि निघालो. हसू नका. म्हणजे... हां, आता नाही हसलात तरी चालेल.

तर मंडळी, माझं संपत आलंय. तुमचं काय ते तुम्ही ठरवा, पण मला आज निरीक्षकांकडून शिक्का हवाय. पहिल्यांदाच विचारतोय, बाहेर आवाज येईल असा लावतो, तुम्हीही ऐका. बाबा? ...बाबा, ऐकताय ना? भरलं का आज?

...

थांबा. कोणी खोकू नका. घाई नाही करायची. काटा स्थिर होऊ दे.

...

ताई? ताई, बोल ना काहीतरी! ...काय? ...झोपलेत? झोपलेत म्हणजे काय, नीट सांग मला. छाती हलतेय का? ...हात धरलायस तू त्यांचा? ...फोन जवळ ने. अगदी नाकाशी ने.

ऐकलंत? घोरतायत. ऐका, ऐका. चार रात्रींनंतर घोरतायत माझे बाबा.

अगं, पण झोपले कधी? ...काय म्हणालीस? "तू 'फोन बंद ठेवा' म्हणालास ना, तेव्हाच."

म्हणजे पहिल्याच वाक्याला! सगळा शो घोरत काढला माणसानं, आणि मी इथे जीव तोडून... असू दे. असू दे हो. इंजेक्शनला जमलं नाही ते माझ्या आवाजाला जमलं, आणि मला इतकं बरं वाटतंय की काय सांगू, रडूच येतंय.

अहो नाही, नाही, टाळ्या नकोत! हात खाली. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून सांगतोय, टाळ्या वाजवू नका. चपला हातात घ्या आणि एकेक रांग करून हळूच बाहेर पडा, दार मी लावून घेतो. कारण ते जागे झाले ना, तर पहिल्यांदा काय म्हणतील, मला पाठ आहे.

"कमी आहे."