बारा ते तीनचा पहारा

नाव कमलाकांत रघुनाथ अजिंक्य, वय ५४ वर्षे, धंदा व्यापारी पेढीत हेडक्लार्क, राहणार ठाकूरद्वार, गिरगाव.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आमच्या आळीच्या श्रावणी भजनी सप्ताहात पहारेकऱ्यांची यादी मी करतो. सात दिवस भजन अखंड चालते. ज्याच्या गळ्यात वीणा असेल त्याने, पुढचा येऊन ती घेईपर्यंत, जागा सोडावयाची नाही.

काल रविवार, ता. ११ ऑगस्ट १८९५ रोजी सकाळी नऊ ते बारा पहारा वरळीचे धर्मा महादेव कोळी यांचा, व बारा ते तीन माझा होता.

साडेअकराच्या सुमारास धर्माची बायको गुणवंती माझ्या दारी आली. म्हणाली, "दादा, बापूस आता जातोय, त्याचे वाटंला डोले लावून बसलाय. तुमी ईणा घ्या, मंग तो निंगंल." मी म्हणालो, "बाराला येतो."

मी जेवलो व आडवा झालो. झोप लागली नव्हती. माझी पत्नी राजलक्ष्मी म्हणाली, "अहो, बारा वाजून गेले. तो बिचारा खोळंबला असेल." मी म्हणालो, "राहील उभा. कोळ्याला सवय असते." धर्मा वीणा टाकून जाणार नाही, हे मला ठाऊक होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने वीणा पाटावर ठेवली व तो गेला. भजन बंद पडले. गिरगावाहून वरळी कोळीवाडा पायी दोन तास आहे. त्याचे वडील अडीच वाजता वारले.

चार वाजता उत्सवाचे चिटणीस जयवंतराव यांनी यादी मागितली. देण्यापूर्वी मी माझे नाव चाकूने खरवडले व तेथे धर्माचे लिहिले. त्या यादीवरून, त्याने जाणूनबुजून भजन मोडले अशी फिर्याद झाली. संध्याकाळी त्यास प्रेताजवळून येथे चौकीत आणले. थोरला मुलगा तोच. म्हणून प्रेत अद्याप घरीच आहे.

आज सकाळी गुणवंती पुन्हा आली. म्हणाली, "दादा, तुमचे यादीन खरा लिवलाय. ती सायबाला दाखवा, तो सुटंल." मी तडक येथे आलो.

धर्माचा दोष नाही. त्यास आत्ताच सोडावे.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखविला. मी सांगितल्याबरहुकूम आहे. तो धर्मासही वाचून दाखवावा, व त्या वेळी मला त्याच्यासमोर उभे करावे.

सही: कमलाकांत रघुनाथ अजिंक्य
ता. १२ ऑगस्ट १८९५